चिंचोके

काटा शून्यावर येऊन थांबला होता. केसाएवढा बारीक, टोकाशी जरासा वाकलेला. आणि घड्याळाच्या काचेखाली कुठूनसा शिरलेला धुळीचा एक कण नेमका त्याच्या वाटेवर बसलेला. काटा धावू लागला की हा कण त्याला अडवणार असं कनकाला दर वेळी वाटे, आणि दर वेळी काटा त्याच्यावरून बिनदिक्कत निघून जाई. समोर बसलेल्या अलकनंदाने घड्याळाच्या खुंटीवर अंगठा दाबला की काटा सुटायचा, पुन्हा दाबला की जागच्या जागी थिजायचा, आणि त्या दोन दाबांच्या मधे कनकाने एक शब्द बोलायचा होता — कुठलाही, मनात पहिल्यांदा येईल तो. विचार करायचा नाही, असं राजगोपाल सरांनी बजावलं होतं. जसा काही विचार हा चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवता येतो!

विद्यापीठाच्या त्या लांबट प्रयोगशाळेत मानसशास्त्राच्या वर्गातली पोरं-पोरी जोड्या करून समोरासमोर बसली होती. खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे वाळू, वाळूपलीकडे समुद्र. पण वारं अजून फिरलेलं नव्हतं आणि मद्रासची ती चिकट दुपार मानेवरून खाली उतरत होती. प्रयोग तसा सोपा. एकाने यादीतला शब्द वाचायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. ज्या शब्दापाशी उत्तराला उशीर होईल, त्याच्याखाली काहीतरी पुरलेलं आहे असं समजायचं. काल हीच यादी इंग्रजीतून झाली तेव्हा कनकाने पटापटा उत्तरं दिली होती. ते शब्द तिच्या घरी कधी आलेच नव्हते, त्यांना तिच्याबद्दल काय ठाऊक असणार? पण आज अलकनंदाला हुक्की आली. रेल्वेतल्या साहेबाची ही मुलगी, वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याहून आलेली, वर्गात मराठी बोलणारी एक तरी भेटली म्हणून कनकाला पहिल्या दिवसापासून चिकटलेली. तिने सरांना विचारून यादी मराठीत केली, आणि वर पदरचे चार शब्द घातले. सर खूश झाले. मातृभाषेतला शब्द खोल जातो, असं काहीसं म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

"तयार?" अलकनंदाने विचारलं. "पाणी."

"समुद्र."

"फूल."

"वेणी."

"बहीण."

"भाऊ."

छातीत एकदा धस्स झालं, पण ते उत्तर देऊन झाल्यावर. बहीण हा शब्द पुस्तकातला. तंजावरहून दोन-तीन पिढ्यांपूर्वी मद्रासला आलेल्या तिच्या घरात बहिणीला बहीण कुणी म्हणत नसे. तिथे होती ती अक्का. आणि अक्का काही यादीत नव्हती. अक्का कुठल्याच यादीत नव्हती… सुटले, असं कनकाला वाटलं, आणि ती जराशी सैलावून बसली.

"चिंच."

काटा त्या कणावरून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. चिंच म्हणजे आंबट, चिंच म्हणजे झाड, चिंच म्हणजे सांबार — हे सगळे शब्द समोर ओळीने उभे होते, पण त्यांच्या पुढे येऊन बसली होती अक्का, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, मधे पल्लांकुळीच्या खेळाची ती लाकडी पाटी. दोन्ही बाजूंना खळगे, आणि अक्काच्या ओल्या मुठीतून त्या खळग्यांत पडणारे चिंचोके — टक… टक… टक… एकेका खळग्यात एकेक, शेवटचा पडला की हात आवरायचा आणि समोरच्याची वाट पाहायची. समोर कुणी नसलं तर अक्का थोडा वेळ थांबे, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघे, मग पाटी फिरवून त्या न आलेल्या माणसाचा डावही आपणच खेळे. सकाळी अम्मा म्हणाली होती, ती पाटी आज नको गे. आणि मी म्हटलं, पाटी काढलीस तर ती दारावर डोकं आपटेल. आणि अम्मा म्हणाली—

"अगं ए!" अलकनंदाने घड्याळ थांबवलं आणि तोंडावर हात धरून ती खुसुखुसू हसू लागली. "चिंच म्हटल्यावर वाचा बसली? चिंचेवर मन गेलंय बाईसाहेबांचं? अजून लग्न नाही झालं आणि डोहाळे कसले लागले तुला?"

शेजारच्या टेबलावरची तमिळ पोरं बघू लागली. कनकाचे कान तापले. पण त्या तापण्यात एक गार सुटकाही होती, आणि तिचीच तिला लाज वाटली. काय पण सोय झाली! भलतंच समजली बया, समजू दे. कनका हसली. पदराने ओठ टिपले, लाजल्यासारखं केलं — आणि ते इतकं बेमालूम जमलं की हे आपण कधी शिकलो असं तिच्या मनात आलं. राजगोपाल सर परत आले, त्यांनी घड्याळात पाहिलं, मान एकीकडे कलती करून इंग्रजीत विचारलं, उशीर झाला तेव्हा मनात काय होतं?

"आंबट चव, सर," ती म्हणाली. अगदी लगेच.

सरांनी मान डोलावली. त्यांना पटलं. सगळ्यांनाच सगळं पटतं, ही तर तिची खरी अडचण होती.

उशिराने माणूस उघडा पडतो हे सरांचं शास्त्र, आणि शास्त्र असेल बरोबर. पण कनकाला त्याची दुसरी बाजू ठाऊक होती. दर आठवड्याला हा वर्ग वेड्यांच्या इस्पितळात जाई. नव्या रुग्णाच्या नातेवाइकांना बाकावर बसवून विद्यार्थ्यांनी हकिगत विचारायची: केव्हापासून, कसं, झोप लागते का. आणि शेवटी तो एक प्रश्न — घराण्यात आणखी कुणाला असं…? झोपेचं विचारलं तर माणसं आठवतात, चुकतात, आपसांत वाद घालतात. पण या प्रश्नाला? नाही हो, कुणालाच नाही. प्रश्न पुरता व्हायच्या आत. खोटं उत्तर लवकर येतं. ते वर्षानुवर्षं घासून ठेवलेलं असतं. बाकीचे विद्यार्थी 'नाही' ऐकून पुढे जात, आणि कनका मात्र त्या बाईच्या किंवा बुवाच्या तोंडाकडे बघत राही. असं 'नाही' तिच्या घरीही होतं. पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या चांदीच्या भांड्यासारखं, लख्ख. 'तुम्ही किती भावंडं?' 'मी एकटीच.' कॉलेजात तिने हे इतक्यांदा सांगितलं होतं की अलकनंदा तिला कधी कधी 'एकुलत्या एक' अशीच हाक मारी.

तिथे दुसरीही एक गोष्ट शिकवली होती, आणि ती तिला चांगली साधली होती. समोरचा बोलतो तेव्हा सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, न्याय करायचा नाही. त्याचं शेवटचं वाक्य त्यालाच परत द्यायचं. 'मला झोप येत नाही.' — 'झोप येत नाही…' बस्स. एवढ्यावर माणसं धबधब्यासारखी सुटत. सरांनी सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं होतं, हिच्यापाशी माणूस मोकळा होतो म्हणून. होतो ना. घरीही होतो. अप्पा ऑफिसातलं तिला सांगत, अम्मा अप्पांबद्दलचं तिला सांगे, आणि तिने कुणापाशी मोकळं व्हायचं ते मात्र कुठल्याच तासाला शिकवलं नव्हतं.

चारच्या आत घरी ये, अम्माने बजावलं होतं. आज मुलीला बघायला येणार होते. कनकाने अलकनंदाला तेवढंही सांगितलं नाही. डोकं दुखतं म्हणाली आणि निघाली.

समुद्रावरून आता वारं सुटलं होतं. ट्राम बंद झाल्यापासून लोक बसची वाट बघत घोळक्याने उभे राहत, त्या घोळक्यातून वाट काढत ती तिरुवल्लिक्केणीच्या गल्ल्यांकडे वळली. देवळाच्या तळ्याजवळ मोगरा घेतला. फुलवालीने गजरा वीतभर जास्तच मोजला आणि तमिळमधे म्हणाली, आज काय विशेष, पोरी? काही नाही, कनका म्हणाली. हेही लगेच आलं.

तिची एक समजूत होती, ती आठवून आता तिला हसू येई. ती ज्या वर्षी कॉलेजात गेली त्याच वर्षी अक्काला कुंभकोणमहून परत आणून सोडलं होतं. तान्हं मूल गेलं, आणि त्यानंतर विशालाक्षी — अक्काचं खरं नाव; ते आता घरात कुणी उच्चारत नसे — बोलायची बंद झाली. सासरच्यांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग तिची ट्रंक आणि तिला, दोन्ही व्हरांड्यात ठेवून निघून गेले. कनकाने मानसशास्त्र घेतलं ते तेव्हा. वाटलं, पुस्तकात असणार. कुठल्यातरी पानावर असणार की असं झालं म्हणजे हे करावं. अप्पांनी घेऊ दिलं, पण चार लोकांत विचारलं तर ते सांगत, मुलगी फिलॉसॉफी शिकते. फिलॉसॉफीला कुणाची हरकत नसते. पुस्तकात नावं होती. अक्काला बसतील अशी दोन-तीन नावं कनकाने शोधूनही काढली होती, आणि ती घेऊन एका संध्याकाळी ती अक्कासमोर बसली तर अक्काने तिच्या ओंजळीत चिंचोके ठेवले. खेळ. एवढंच तिचं म्हणणं होतं. मग कनका रोज खेळू लागली. संध्याकाळी कॉलेजातून आली की समोर बसायची, आणि डाव संपला की अक्का निमूट जेवायची, वेणी घालू द्यायची, निजायची. दुसऱ्या कुणाशी ती खेळत नसे. दुसऱ्या कुणी तिला खेळायला विचारलंही नव्हतं म्हणा.

आणि आता हे लग्न. जमलं तर कनका सासरी जाईल आणि अक्काला, अम्मा म्हणाली होती, "त्रिचीकडच्या त्या देवळांत ठेवूं. तेथें असलीं मनुष्यें असतात. देव बघून घेईल." ठेवू. ट्रंक ठेवतात तसं. नाही जमलं तर — तर कनका आहेच, ती पाटी आहेच, आणि अप्पा निवृत्त होतील, अम्मा म्हातारी होईल, आणि त्या मागच्या खोलीत दोघी बहिणी समोरासमोर बसून म्हाताऱ्या होतील. कधी कधी, फार थकलेल्या दिवशी, तिला वाटे की देवळात ठेवलं तर काय बिघडेल? आणि हे वाटल्यावर ती त्या संध्याकाळी अक्काला मुद्दाम जिंकू देई. पापाचं प्रायश्चित्त किती स्वस्त असतं बघा!

घरात तुपात भाजलेल्या रव्याचा वास भरला होता. अम्मा — भवानीबाई — चुलीपुढे बसून सोज्जी ढवळत होती. बज्जीसाठी कच्च्या केळ्याचे काप करून ठेवले होते.

"आलीस? जा, मुख धू. आणि प्रथम तिजकडे बघ. ती पाटी काढ गे बाई. चिंचोके पडतात तो आवाज कूडत्तांत ऐकूं येतो." कूडम म्हणजे पुढचा सोपा. तिथे पाहुणे बसणार.

"पाटी काढली तर ती—"

"तर काय करूं? सांग ना! तुम्ही शिकलीं मनुष्यें, सांगा!" अम्माचा हात थांबला, आवाज फुटला. "मी आई नव्हे का तिची? मज आनंद आहे का ह्यांत? एक घटका… एक घटका तिनें गप्प बसावें. तुझें होऊन जाऊं दे. दोघी कशास बुडतां?"

कनका उभी राहिली. राग यायला हवा होता. आली ती दया. मग देवघराकडे तिची नजर गेली. तिथे डब्यात अम्माने वळलेल्या फुलवाती होत्या, कापसाच्या, गोल, चिंचोक्याएवढ्या. आणि तिला ते सुचलं. क्षणभर, खोटं कशाला बोला, तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी वर्गात उदाहरण म्हणून दिलं असतं.

मागच्या खोलीचं दार लोटून ती आत गेली. अक्का भिंतीला टेकून बसली होती, पाटी पुढ्यात. कनकाने एकेका खळग्यातले चिंचोके काढून पदरात घेतले आणि त्यांच्या जागी फुलवाती ठेवल्या. अक्काने हरकत घेतली नाही. एक फुलवात उचलून तिने खळग्यात टाकली. कान दिला. पुन्हा उचलून टाकली. मग तिने कनकाकडे पाहिलं — ओरडून, रडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत राहिली, एखाद्याने आपल्याला चुकून दुसऱ्याचीच चप्पल दिली असावी तशी.

"आज असंच खेळ, अक्का. मी येते हं. पाहुणे गेले की येते." अक्काने दुसरी फुलवात उचलली. कनका बाहेर आली आणि तिने कडी घातली. कडी अम्माने सांगितली नव्हती. ती तिने आपणहून घातली.

ते आले. मुलगा व्यासराज, रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, गहूवर्णी, अबोल. आणि त्याची आई विजयलक्ष्मीबाई, नऊवारी नेसलेल्या, नाकात हिरा, थकलेल्या डोळ्यांच्या. तेही तंजावरचेच, माइलापूरला राहणारे. अप्पा — अनंतकृष्ण राव, एरवी मोजकं बोलणारे — आज एकसारखे बोलत होते. कनकाने सोज्जी-बज्जीची ताटं आणली, नमस्कार केला, सांगितल्यावर एक पद म्हटलं. म्हणताना तिचे कान मागच्या खोलीकडे होते. काही ऐकू येत नव्हतं. फुलवाती काम करत होत्या. आवाज नाही याचा तिला इतका आनंद झाला की शेवटची ओळ तिने खरोखर चांगली म्हटली.

"आम्हांस ही एकच," अप्पा म्हणाले. कुणी न विचारता. "फिलॉसॉफी शिकते."

"फिलॉसॉफी नव्हे ना," विजयलक्ष्मीबाई सावकाश म्हणाल्या. "आम्ही चौकशी केली की. मनाचें शास्त्र." अप्पांचा चेहरा पडला. पण बाई हसल्या, अगदी मायेने, आणि ताट बाजूला सारून उठल्या. "हात धुवायचे. कोठें? कनका दाखवील मज."

मागच्या अंगणात विहिरीजवळ कनका त्यांच्या हातावर पाणी घालत होती. त्यांनी हात धुतले, पण ओले हात पुसले नाहीत. तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी सोप्याकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज उतरवला.

"आमचा धाकटा, सुंदर. लोकांस सांगतों, मुंबईस नोकरीस आहे."

"मुंबईस नोकरीस…" कनका म्हणाली. सवयीने.

"कोठची मुंबई गे! माडीवर आहे. चार वर्षें झालीं. ताट दिलें तर उलटें करतो. कधीं हसतो, कधीं… मज आतां जिना चढवत नाहीं."

"जिना चढवत नाही…"

"होय गे माझे आई!" आणि त्या रडू लागल्या. न लपवता, ओले हात तसेच पुढे धरून; मग त्या हातांनी त्यांनी कनकाचा हात धरला. "व्यासराज बोलला, साधी मुलगी नको. ती भिऊन जाईल. हें शिकलेली आणूं. तुज कळतें. पैसाअडका कांहीं नको आम्हांस. तूं ये. त्याजकडे तूं बघ."

कनकाला हसू आलं. तर यासाठी! अक्कासाठी घेतलेली विद्या, अप्पांनी लपवलेली विद्या — तिच्यावर भाळून हे स्थळ आलं. एका घरची कडी काढून दुसऱ्या घरच्या कडीशी नेऊन उभं करणार, आणि तिथेही माणसं तिच्यापाशी मोकळी होणार, ती त्यांची वाक्यं त्यांना परत देणार… सुंदरचं ताट ती जिन्यावरून चढवणार. आणि इथे अक्कासमोर कुणी बसणार नाही. चीड आली तिला, डोळ्यांत पाणी आणणारी. आणि त्या चिडीच्या आतच कुठेतरी वेडी आशा उठली — सांग! आत्ता सांग! ह्या बाईला कळेल, जगात कुणाला नाही तर हिला कळेल. हिची माडी, आमची मागची खोली. म्हण, मामी, माझी अक्का… पण इस्पितळातल्या बाकावरची ती माणसं तिला आठवली. स्वतःच्या घरचं वेड हे दैव असतं. सोयरिकीतलं वेड हे रक्त असतं. ही बाई हात सोडून देईल. उद्या माइलापुरात कळेल, परवा सगळ्या तंजावरकरांत. अप्पा… अम्मा म्हणाली होती, दोघी कशास बुडता.

टक.

इतका बारीक आवाज की मोगऱ्याची कळी पडली म्हणावं. टक… टक… फुलवातींचा आवाज होत नाही. तिला कळलं. अक्काला आवाज हवा होता. आवाजावाचून तिचा डाव होत नव्हता. म्हणून ती एकेक फुलवात खळग्यात टाकत होती आणि दर फुलवातीमागे पाटीवर बोटाच्या पेराने टिचकी मारत होती. आम्ही काढून घेतलेला आवाज ती स्वतःच्या हाडांनी भरून काढत होती.

विजयलक्ष्मीबाईंनी मान वळवली. खोलीच्या दाराकडे, बाहेरून घातलेल्या कडीकडे.

"आंत कोण आहे?"

"मांजर," अम्मा म्हणाली. ती पंचा घेऊन दारात केव्हा येऊन उभी राहिली कोण जाणे. "मांजर कोंडलें आहे. दुधास तोंड लावतें." किती लगेच आलं ते! श्वासाएवढाही उशीर नाही. कुठल्याही घड्याळाने अम्माला पास केलं असतं.

टक… टक… विजयलक्ष्मीबाईंनी पंचा घेतला नाही. त्यांनी अम्माकडे पाहिलंसुद्धा नाही. चार वर्षं माडीवरच्या आवाजांवर कान ठेवून काढलेली ती बाई. मांजर असं एकेक करून वाजत नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती कनकाकडे बघत होती. तिच्या बोटांची पकड घट्ट झाली — रागाने की भीतीने की आणखी कशाने, ते कनकाला ओळखता येईना.

"कनका. तूं सांग. आंत कोण आहे?"

काटा सुटला.

विचार करायचा नाही. मनात पहिला येईल तो शब्द. मांजर हा आला नाही. अम्मा डोळ्यांनी तो तिच्या तोंडात घालू पाहत होती तरी आला नाही. अक्का हा शब्द आला, पण तो दुसरा आला. सगळ्यांत आधी, दुसऱ्या कशालाही वाव न देता, जो जिभेवर येऊन बसला होता तो शब्द होता — मी.

ती दचकली. असं कसं? मी तर इथे आहे, विहिरीपाशी, नव्या साडीत, गजरा माळून. कडी मीच घातली, बाहेरून. पण तो शब्द हलायला तयार नव्हता. आंबट चव, असं म्हणून तो गिळता आला असता. गेली चार वर्षं गिळतेच आहे, आणि किती छान जमतं. काटा त्या कणावरून गेला, पुन्हा गेला, आणि उशीर होत होता, एवढा उशीर तिला आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला झाला नव्हता. आता काहीही म्हटलं तरी ह्या बाईला कळणारच होतं. अम्माचा चेहरा पांढरा पडत चालला होता. आणि आश्चर्य म्हणजे कनकाला घाई वाटत नव्हती. भीती होती, पण घाई नव्हती. धरलेला हात तिने सोडवून घेतला नाही.

आतल्या टिचक्या थांबल्या. म्हणजे अक्काच्या हातातल्या फुलवाती संपल्या होत्या. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत ती बसली असेल, थोडा वेळ, पाटी फिरवून घेण्याआधी. कारण आता पाळी कनकाची होती.